तीन खाचांचं कासव

मुलांनो, परवा फोनवर ईशा म्हणाली, "आजी, काही कासवं म्हणे म्हातारीच होत नाहीत! आज वर्गात शिकवलं." माझी पोळी तव्यावर करपली. हे तर मी आमच्या गावी, सिंदीला, आठवीत असतानाच ऐकलं होतं, पन्नासच्या दशकात! विसरायच्या आत लिहून ठेवते.

आमचे कासवगुरुजी भेटेल त्याचं वय विचारत. माणसाचं, बैलाचं, चिंचेच्या झाडाचंसुद्धा. मग हातातली मापाची फीत नाचवत म्हणत, "सगळे एकाच चालीनं म्हातारे काऊन नाई होत? उंदराले उद्याचा भरवसा नाई, म्हणून तो घाईघाईनं पिल्लं देते अन् खलास होते. कासवाच्या पाठीवर तर किल्ला हाय! त्याले कायची घाई?"

पाणी स्वच्छ राहावं म्हणून आमच्या विहिरीत एक कासव होतं. गुरुजींनीच ते स्वतःच्या पोरवयात आणून सोडलेलं. कवचाच्या कडेला कानशीने तीन खाचा पाडलेल्या. दर उन्हाळ्यात विहिरीचा गाळ उपसला की ते त्याला मोजत. अशी चाळीस वर्षं. ते थकतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

पेन्शनीत निघायच्या वर्षी ते मोजायला आले, तर कासवाला खाचाच नाहीत!

माझे आबाकाका कौतुकाने म्हणाले, "गुरुजी, ते लय म्हातारं झालतं. मागच्या साली नाल्यात सोडलं. हे तरणं आणलं, खास तुमच्यासाठी!"

गुरुजी विहिरीच्या काठावर बसले. "आबाजी, मायी चाळीस वर्षं सोडली तुम्ही नाल्यात."

तेव्हापासून शाळा सुटली की मी आणि गुरुजी नाला धुंडाळायचो. पावसाळा सरला, त्यांची पेन्शन सुरू झाली, तरी शोध चालूच. दिवाळीच्या सुट्टीत ओल्या काठावर मागच्या पायांनी माती उकरणारं एक कासव मला दिसलं. कडेला एक, दोन...

"गुरुजी, तीन!"

"हात नको लावू, पोरी! अंडी घालून राह्यली ते!"

पांढरी अंडी एकेक करून खड्ड्यात पडत होती. गुरुजी डोळे पुसत हसत होते. "मी पेन्शनीत निघालो, अन् बाई अजून नोकरीवर हाये!"

"आता विहिरीत न्यायचं ना?" मी विचारलं.

त्यांनी फीत गुंडाळली. मग म्हणाले, "नाई. चाळीस वर्षं मी तिले अंडी घालाले जागाच देली नाई." आणि न मोजताच फीत माझ्या हातात ठेवली.

गुरुजी जाऊन खूप वर्षं झाली. मी जीवशास्त्र शिकले, पुढे शिकवलं. नाला अजून आहे, त्यात कासवं आहेत. फीत माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. तिचे पहिले तीन इंच गुरुजींच्या चिमटीत घासून पुसले गेलेत. पुढचे आकडे वाचता येतात.