भिंतीवरचा सरदार

फोटो जुना करायचा म्हणजे तपकिरी करायचा, असं ज्याला वाटतं त्याला मी माझ्या कॉम्प्युटरला हात लावू देत नाही. मोबाईलवर बोट फिरवायचं, चेहरा पिवळट झाला, वर चार ओरखडे पडले की म्हणायचं, बघा, पणजोबांच्या काळातला वाटतो ना! डोंबल वाटतो. पणजोबांच्या काळात कोणाच्या भुवया कोरलेल्या होत्या का? ओरखडे कोणीही पाडतो. माणूस जुना करता आला पाहिजे, आणि ते जबलपुरात मला एकट्याला येतं. गर्वानं सांगून राहिलो आहे, कारण याच गर्वानं मी माझ्या बापाचा घात केला.

कमानिया गेटजवळ माझा स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नं, मुंजी, आणि आमच्या मराठी मंडळाची मिरवणूक. या मिरवणुकीत दरवर्षी लोक पगड्या, अंगरखे घालून, ढाली-तलवारी घेऊन मराठी फौज बनतात आणि जुन्या शहरातून फिरतात. ज्यांचे पूर्वज नागपूरकरांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि राहिले, ती घराणी सरदार होतात. आता त्यांच्यात प्राध्यापक, डॉक्टर, बडे अधिकारी आहेत. नातवंडांना मराठीत धड दोन वाक्यं बोलता येत नाहीत, पण नाक आभाळात. आम्ही घरी त्यांना फौजवाले म्हणायचो. आम्ही वऱ्हाडातून पोटासाठी आलेले, महाराजपुरात राहणारे. बाबा फॅक्टरीत खरादवर, म्हणजे लेथवर होते, आणि पंचवीस-सव्वीस वर्षं त्या मिरवणुकीत भाला धरून सगळ्यात मागे चालले. मिरवणूक संपली की सरदार लोक जेवायला बसायचे आणि बाबा ढाली मोजून पेटीत भरायचे.

मंडळाच्या हॉलात फोटोंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. एका भिंतीवर घराघरातून आणलेले खरे जुने फोटो, मी साफ करून छापलेले. दुसऱ्या भिंतीवर मिरवणुकीतले लोक, पोशाखात, जुन्या फोटोसारखे दिसणारे. प्रत्येकाच्या खाली त्याच्या नावाची पट्टी. प्रदर्शन संपल्यावर हे फोटो हॉलात कायमचे राहणार होते. हे ठरलं त्या संध्याकाळी बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

"एकडाव मले खुर्चीत बसव," ते म्हणाले. "सरदार म्हणून. अन् फोटो हॉलात लागला पायजे, खाली माह्यं नाव लिवून. बस."

मी हो म्हटलं. शब्द दिला.

फोटो काढायच्या दिवशी सरदाराचा अंगरखा ज्यांच्यासाठी इस्त्री करून ठेवला होता ते रिटायर्ड इंजिनिअर साहेब उशिरा येणार होते. मी बाबांना म्हटलं, चला, बसा. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, टकलावर पगडी चढवली, मिशी ओल्या बोटांनी वळवली आणि बसले. बाकीच्यांना मी सांगून सांगून थकलो होतो की हसू नका, दात काढू नका, पूर्वी फोटोला कोणी हसत नसे. ते लोक खुर्चीत सोफ्यावर रेलल्यासारखे रेलायचे. बाबा ताठ बसले, दोन्ही पंजे गुडघ्यांवर, नजर सरळ. चष्मा नसल्यानं त्यांना पुढचं नीट दिसत नव्हतं, त्यामुळे डोळ्यांत ती जुन्या माणसांची ओढून आणलेली एकाग्रता आपोआप आली. मी पाच फोटो काढले आणि मला कळलं की आज काहीतरी हाताला लागलं आहे.

त्या फोटोवर मी आठवडाभर बसलो. जुन्या काचेच्या प्लेटला लाल रंग काळा दिसायचा, म्हणून ओठ गडद होतात, कातडीवरचा प्रत्येक डाग वर येतो. ते मी केलं. नाकावरचे चष्म्याचे वळ काढले, मनगटावरचा घड्याळाचा पांढरा पट्टा काढला. कडा थोड्या विरघळू दिल्या, डोळे तेवढे धारदार ठेवले. कापसाच्या जाड कागदावर छापलं, काळ्या चहाच्या पाण्यातून काढलं, सावलीत वाळवलं, कोपरे बोटांनी मळून मऊ केले. शेवटी एक कोपरा कसर लागल्यासारखा कुरतडला. फ्रेम केली आणि खाली पट्टी चिकटवली, बाबांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. बाबांनी ती पट्टी चष्मा लावून दोनदा वाचली. आईला बोलावून दाखवली. आई म्हणाली, राजा दिसून राहिले, आणि बाबा चक्क लाजले.

प्रदर्शनाच्या सकाळी मी हॉलात पोहोचलो तर फ्रेमा टांगणाऱ्या पोरांनी बाबांचा फोटो चुकून खऱ्या जुन्या फोटोंच्या भिंतीवर लावला होता. त्यांची काय चूक? तो तिथलाच दिसत होता. मी तो तेव्हाच उचलून समोरच्या भिंतीवर न्यायला पाहिजे होता. दोन मिनिटांचं काम. पण मला आतून गुदगुल्या झाल्या. म्हटलं, राहू दे, बघू तरी या फौजवाल्यांना कळतं का.

मंडळाचे अध्यक्ष आपल्या आईला व्हीलचेअरवरून घेऊन आले. ऐंशीच्या पुढच्या त्या, डोळ्यांनी अधू. भिंतीसमोरून खुर्ची सरकत गेली आणि बाबांच्या फोटोपाशी त्यांनी हात वर केला. खुर्ची थांबली. त्या बघत राहिल्या आणि मग रडायला लागल्या. म्हणाल्या, हे आमचे आजेसासरे. यांचा एकच फोटो होता, कमानियाच्या जुन्या स्टुडिओत काढलेला, वाटण्या झाल्या तेव्हा हरवला. मी सून म्हणून आले तेव्हा पाहिला होता, हेच डोळे.

लोक जमले. अध्यक्षांचा चेहरा फुलला. ते माझ्याकडे वळले आणि मला आजवर "ए स्टुडिओवाले" म्हणणारा हा माणूस म्हणाला, "भैया, ये आपको कहाँ से मिला?"

खालची पट्टी अजून कोणी वाचली नव्हती. मी फ्रेम सरळ करायच्या निमित्तानं पुढे झालो, अंगठ्यानं पट्टी सोलली आणि मुठीत घेतली. मग तोंड वर करून सांगितलं की जुना स्टुडिओ बंद झाला तेव्हा भंगारातून काही काचा घेतल्या होत्या, त्यातली ही एक. इतकं सहज निघालं माझ्या तोंडून की माझाही विश्वास बसला असता. मनात मी हसत होतो. म्हटलं, घ्या, तुमचा सरदार. चार दिवस मिरवा, मग सगळ्यांसमोर सांगतो की तो खरादवाला आहे.

बाबा तिथेच होते. हाफ शर्ट, चष्मा, टक्कल, हातात सरबताचा ट्रे. फोटोपासून चार पावलांवर. अध्यक्षांनी त्यांच्याच ट्रेमधून आईसाठी ग्लास उचलला. तीसेक माणसं एकदा फोटोकडे आणि एकदा सरबताकडे बघत होती आणि एकालाही दिसलं नाही. मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्या मुठीकडे बघून राहिले होते.

तो सांगायचा दिवस कधी आलाच नाही. त्याच संध्याकाळी अध्यक्ष फोटो गाडीत घालून घरी घेऊन गेले. वर्तमानपत्रात बातमी छापून आली, हरवलेला पूर्वज घरी परतला म्हणून. आता सांगायचं म्हणजे त्या म्हातारीला तोंडावर खोटी पाडायची आणि शहरभर मी लबाड ठरायचं. माझं धाडस झालं नाही. भेकड आहे मी, सरळ शब्द हाच आहे. घरी बाबांनी एक अक्षर विचारलं नाही. विचारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. आईच म्हणाली, काहून रे, हॉलात फोटो नाही लावला तुह्या बाबाचा? मी म्हटलं, दुसरा काढून लावतो. बाबा जेवत होते.

पितृपक्षात अध्यक्षांचा फोन आला. पणजोबांचं श्राद्ध आहे, त्यांना घरी आणणारे तुम्ही, तुम्ही यायलाच पाहिजे. आणि वडिलांनाही आणा, वाढायला हात कमी पडतात. मी बाबांना सांगणार नव्हतो, पण फोन स्पीकरवर होता. बाबा धुतलेला सदरा घालून तयार झाले. मी म्हटलं, तुम्ही नका येऊ. ते म्हणाले, बलावलं हाये तं जावं लागते.

त्या घरात दिवाणखान्याच्या भिंतीवर बाबा होते. कपाळावर चंदन, गळ्यात हार. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, एवढंसं पोरही जाणतं. बाबा दारातच क्षणभर थांबले. मग स्वयंपाकघरात गेले आणि कढीची बादली उचलली. वाढायच्या आधी म्हातारीनं त्यांना हाक मारली, म्हणाली, तुम्हीही नमस्कार करा हो, मोठा माणूस होता. बाबांनी बादली खाली ठेवली आणि स्वतःच्या तोंडासमोर हात जोडले. मी बघत होतो.

गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवलं. वडे, खीर, भात. कावळे समोरच्या टाकीवर बसले होते, पण एकही खाली उतरेना. पंगत खोळंबली. कावळा शिवल्याशिवाय त्या घरात कोणी घास घेत नाही. सगळे गच्चीवर जमून विनवायला लागले. पणजोबा, काय राहिलं? घराण्याचं नाव राखू. पणजोबा, गावचं देऊळ दुरुस्त करू. कावळे ढिम्म. म्हातारी रडकुंडीला आली, तिला वाटलं आजेसासरे रागावले. ती बाबांना म्हणाली, पुरुषांत वयानं मोठे तुम्हीच इथे, तुम्ही सांगा, काय राहिलं असेल त्यांचं?

बाबा पानाकडे बघत होते. मग हळू म्हणाले, "नाव राह्यलं असन. फोटोखाली नाव नाही त्याईचं."

सगळ्यांना एकदम पटलं. हो की, एवढा मोठा माणूस आणि खाली नाव नाही! अध्यक्षांनी हात जोडून मोठ्यानं सांगितलं की पणजोबा, उद्याच तुमचं नाव लिहून घेतो. थोड्या वेळानं कावळा आला. भूक लागली असेल त्याला. लोक बाबांना शाबासकी देत खाली उतरले आणि बाबांनी सगळ्या पंगतीला कढी वाढली.

नावाची पट्टी अर्थात माझ्याकडेच आली. दुसऱ्या दिवशी मी ती छापली, अध्यक्षांच्या पणजोबांचं नाव, सरदार ही पदवी लावून. त्यांच्या घरी जाऊन माझ्या हातांनी माझ्या बापाच्या छातीखाली चिकटवली. अध्यक्षांच्या बायकोनं मला पेढा दिला आणि तो मी खाल्ला.

पुढच्या वर्षाच्या मिरवणुकीला बाबा गेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. दुखत नव्हते, रोज सकाळी अधारतालच्या तळ्यापर्यंत चालून यायचे. माझ्याशी बोलणं त्यांनी सोडलं नाही, तेवढा मोठा सूड घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पाऊस पडेल, गॅस संपला, असं बोलायचे. मी दोनदा कॅमेरा घरी आणला, म्हटलं बसा, पुन्हा काढतो. दोन्ही वेळा त्यांनी चष्मा काढला नाही आणि म्हणाले, राहू दे, माहा फोटो निघालेला हाये.

पावसाळा संपता संपता ते गेले. झोपेतच. ग्वारीघाटावर अग्नी देऊन परत आलो तेव्हा आई म्हणाली, तो खुर्चीतला फोटो मोठा करून लाव, किती छान आला होता. फाईल माझ्या कॉम्प्युटरमध्ये होती. मी नाही लावला. मंडळाची माणसं भेटायला येणार होती आणि तो चेहरा आता त्यांच्या सरदाराचा होता. मी फॅक्टरीच्या पासवरचा फोटो मोठा केला, चौकडीचा शर्ट, डोळे अर्धवट मिटलेले. ज्याला जिवंत माणूस शंभर वर्षं जुना करता येतो त्या मला स्वतःचा बाप हारातून नीट दिसेल इतकाही करता आला नाही. आई त्या फोटोकडे पाठ करून बसली.

तिसऱ्या दिवशी अध्यक्ष आले. फूल वाहिलं, फोटोकडे पाहिलं, दोन मिनिटं डोळे मिटून बसले. म्हणाले, बडे सज्जन आदमी थे, मिरवणुकीत कायम असायचे, श्राद्धाला त्यांनीच तर आम्हाला वाट दाखवली. मग माझ्या जवळ सरकून, आईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्यांनी विचारलं,

"भैया, बाबूजींचं नाव काय होतं? हॉलातल्या फळ्यावर श्रद्धांजली लिहायची आहे."

मी सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. त्यांनी ते मोबाईलमध्ये लिहून घेतलं.

खडूनं लिहिलेलं ते नाव हॉलाच्या भिंतीवर दोन दिवस होतं. मी दोन्ही दिवस जाऊन वाचून आलो. तिसऱ्या दिवशी गेलो तर फळा पुसून त्यावर कोजागरीच्या कार्यक्रमाची वेळ लिहिली होती.