राखणीला ठेवलेलं पोरगं

माझं पोरगं फुटबॉल खेळून पोट भरतं, हे ऊसतोडीच्या टोळीत पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एकानंही खरं मानलं न्हाई. शेजारच्या कोपीतली सुमनआक्का तर कानाशी येऊन म्हणली, "कांता, खरं सांग बाई. पोलिसानं नेलं का त्याला?"

तेव्हापासून आकाशचे एवढे किस्से साठलेत, की मोळी बांधता बांधता एक सांगावा तर मागून दुसरा येतो. पोरगं तेवढं येत न्हाई. दोन उन्हाळे झाले.

*

आकाश लहान असताना त्याला पाचटाच्या कोपीच्या तोंडाशी राखणीला बसवून आम्ही उसाच्या फडात जायचो. आत भाकरी, बाहेर कुत्री आन गाडीवानांच्या शेळ्या. पोरगं काठी घेत न्हाई, ओरडत न्हाई, नुसतं आडवं उभं राहतं. एकदा मी उसाच्या वाढ्याच्या ढिगामागून बघितलं. शेळीच्या तोंडाकडं त्याचं ध्यानच नव्हतं, पायाकडं होतं. शेळी डावीकडं, की हे डावीकडं. शेवटी शेळीच कंटाळून गेली.

*

पुढं मोठ्या क्लबात गेला. त्याची पहिली मॅच मोबाइलवर दिसणार होती. भर कामात टोळीनं कोयते खाली ठेवले. मुकादम शिव्या द्यायला आला आन तोबी बसला.

मॅच संपली तरी आकाश बाहेर बाकड्यावरच. एकदाच दिसला, बाटलीनं पाणी पिताना. बाकीचे उठून कामाला लागले. मी त्याच्या पप्पांना म्हणलं, पोरगं वाळलंय.

"अगं, बोटाएवढं दिसलं. त्यात तुला काय कळलं?"

मला कळलं होतं. लई वाळलं होतं.

*

मग दर मॅचला खेळायला लागला, तर टोळीची दुसरीच तक्रार. "तुझं पोरगं गोल कावून मारत न्हाई?"

मी तडकले. म्हणलं, त्यो डिफेंडर हाय. दुसऱ्याला गोल मारू न देणं, हेच त्याचं काम.

सुमनआक्का म्हणली, "म्हंजे अजून राखणीलाच हाय की."



*

तिकडं समुद्राकाठी क्लबवाले उकडलेलं, पाल्याचं खायला घालतात. भाकरी न्हाई. एकदा फोनवर म्हणला, "आई, फोन बंद करू नको. परातीजवळ ठेव."

मी चार भाकरी थापल्या. ते तिकडं नुसती थापटी ऐकत होतं. पाचवीला म्हणला, "ही जाड झाली."

खरंच जाड झाली होती.

*

टोळीत चौथी शिकलेली मी एकटी. कुठलाबी कागद माझ्याकडं येतो, आन मी वाचल्याशिवाय कुणाला अंगठा लावू देत न्हाई. म्हणून तर शाळेतल्या खेळाच्या सरांवर माझा दात. आई-बापाला न विचारता यांनी पोराला निवडीला धाडलं, तिथनंच ते लांब गेलं, असं सात वर्षं मी गावभर सांगत आले.

यंदाच्या उन्हाळ्यातबी त्याला कॅम्प लागला, सुट्टी न्हाई. मी दिंद्रुडला सरांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"माझं पोरगं तुमी पळवलं, सर."

सरांनी बसा म्हणलं, पाणी दिलं, आन आतून एक जुनी फाईल आणली. तिच्यातला एक कागद माझ्यापुढं ठेवला. सात वर्षांमागं आम्ही तोडीला निघालो त्या दिवशीचा होता. त्या दिवशी ट्रक हॉर्न वाजवत होता, बिऱ्हाड वर चढलं होतं, आन मागं राहणाऱ्या पोरांच्या हंगामी वसतिगृहाचे कागद समजून मी सरांनी दिलेल्या गठ्ठ्यावर उभ्या उभ्या सह्या केल्या होत्या.

आता मी तो कागद पुरता वाचला. माझ्या मुलास फुटबॉलच्या निवडीसाठी बाहेरगावी पाठवण्यास माझी हरकत नाही.

खाली गोल गोल अक्षरात पालकाची सही होती.

कांताबाई रामभाऊ सानप.