आबांच्या मशीनची लाईट

आमच्या धावडा गावात तेव्हा घड्याळाला कोणी विचारत नव्हतं. लाईट आली की दिवस सुरू. भारनियमनाचं टाइमटेबल बायकांना तोंडपाठ. दळण, पाणी, इस्त्री, सगळं तेवढ्यात उरकायचं. मेख अशी की लाईट गेल्यावर पाण्याच्या मोटारीचं बटण कोणी बंदच करायचं नाही. आली की आपलं पाणी आधी भरलं पाहिजे ना. मग काय, लाईट येताच गल्लीभरच्या मोटारी एकदम घुरघुरायच्या आणि आमचा बल्ब पिवळा पडायचा.

मी माहेरी आलेले, त्याच उन्हाळ्यात वडिलांचा, आमच्या आबांचा, दमा बळावला. डॉक्टरांनी वाफेचं मशीन दिलं. पण ह्या ओढाताणीत ते नुसतं गुणगुणायचं, वाफ काही निघायची नाही. आबांचे ओठ निळे पडायचे. माझा जीव टांगणीला लागायचा.

मी लाईटवाल्यांना शिव्या घालत बसले. आई उठली, पदर सारखा केला आणि दारोदार जाऊन आली. "ह्यांचं मशीन होईस्तोवर मोटार लावू नका," एवढंच म्हणाली. मी चिडले. नळाच्या पाइपावरून आबा ह्याच लोकांशी वर्षानुवर्षं भांडलेले. कोण कशाला ऐकतंय?

दुसऱ्या दिवशी लाईट आली आणि गल्ली चिडीचूप. सगळ्यांनी बटणं बंद करून ठेवलेली. गिरणीवाल्यानंही पट्टा चढवला नव्हता. बल्ब लख्ख, मशीनमधून भसाभसा वाफ. दारात येऊन बघते तर ओट्याओट्यावर रिकामे हंडे घेऊन बायका बसलेल्या.

आबांना कोणी काही सांगितलं नव्हतं. आठवडाभरानं त्यांनीच विचारलं, "लाईट आली, मंग मोटारी कामून वाजत न्हाईत?" आईनं सांगून टाकलं. त्यांनी मशीन बाजूला सारलं. "आधी त्यांचं पाणी भरू दे."

धाप तर लागलेली. आई रडकुंडीला आली आणि दारातून म्हणाली, "हे ऐकून न्हाई राह्यले. लावा तुम्ही मोटारी."

समोरच्या काकू, पाइपाच्या भांडणात सगळ्यात पुढं असायच्या त्याच, जागच्या हलल्या नाहीत. "सांगा त्यांना, आम्ही बसून राह्यलो. त्यांनी वाफ घेतल्याबिगर इथं एक मोटार लागणार न्हाई."

जिच्यासाठी सगळे जीव टाकायचे ती लाईट आलेली, आणि अख्ख्या गल्लीत तिला कोणी हात लावेना. असं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

शेवटी आबांनीच मास्क नाकाला लावला. त्यांचे डोळे भरून आलेले.

"जल्दी होऊ दे," ते आईला म्हणाले, "बाया ताटकळल्यात."