ट्रॅक्टरच्या आंघोळीचं पाणी

इलियासभाई मिस्त्री गोड बोलण्यासाठी कधीच प्रसिद्ध नव्हते. पैठण गेटच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज. तिथं गाडी आणणाऱ्यानं आधी शिव्या खायच्या आणि मग चहा प्यायचा, अशी रीतच पडून गेली होती. शिव्यांचं कारण बहुतेक एकच असायचं, रेडिएटरमधलं साधं पाणी. "नळाचं पाणी इंजिनाला पाजता? क्षार बसतो आतून, कळतं का काही? कुलंट टाका, कुलंट!" हे ते गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. गल्लीतले लोक पाठीमागं त्यांना 'कुलंट चाचा' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्यांचे अब्बा स्टेशनवर टांगा हाकायचे. घोड्याचं नाव बादशाह. रोज सकाळी टांगा जुंपला की अम्मी पदरात गुळाचा खडा घेऊन दाराशी यायची, बादशाहच्या तोंडात द्यायची, मगच चाकं हलायची. पुढं टांग्याचे दिवस सरले, अब्बांनी रिक्षा घेतली. पहिल्या सकाळी अम्मी सवयीनं गूळ घेऊन दाराशी आली आणि रिक्षासमोर उभी राहिली, तेव्हा सगळं घर खो खो हसलं. लहानगा इलियास तर लोळून हसला. इंजिनाचं वेड आपल्याला त्या रिक्षापासून लागलं, असं इलियासभाई अजूनही रंगवून सांगतात.

यंदा थंडी सुरू होता होता त्यांना शंतनूचा फोन आला. "चाचा, बाबांचा छोटा ट्रॅक्टर काही होतोय का बघा. नाहीतर मग बागच काढावी लागेल."

इलियासभाईंच्या हातातला पाना तसाच राहिला. बाबा म्हणजे मधुसूदनराव. पाटबंधारे खात्यातली नोकरी सांभाळून त्यांनी पाचोडजवळ जमीन घेतली आणि मोसंबी लावली. पण लावताना हौस मोठी आणि हिशेब कच्चा, त्यामुळं झाडांच्या ओळी इतक्या जवळ आल्या की मोठा ट्रॅक्टर आत शिरला की फांद्या मोडतात. म्हणून त्यांनी कुठून तरी एक जुना, बुटका ट्रॅक्टर शोधून आणला. इलियासभाईंनी नुकतंच स्वतःचं गॅरेज टाकलं होतं आणि कुणी त्यांच्या दारात फिरकत नव्हतं. त्यांना मिळालेलं पहिलं मोठं काम हेच. तेव्हापासून तो ट्रॅक्टर दुसऱ्या कुणाच्या हातात गेला नाही.

मधुसूदनराव गेल्या वर्षी वारले आणि पाठोपाठ ट्रॅक्टरचंही इंजिन फुटलं. बाग तशीच पडून राहिली. त्यांच्या पत्नी दमयंतीबाई एकट्या शेतावर राहत, सोबतीला गडी बद्रीनाथ. शंतनू शहरात नोकरीला. मुलगा चांगला होता, आईच्या काळजीनंच बोलत होता. या हिवाळ्यात मशागत, फवारणी होऊन संक्रांतीनंतर पाणी सोडून बहार धरता आला तर बाग राहणार. नाहीतर जेसीबी येणार आणि झाडं मुळासकट जाणार. इलियासभाईंना ते सहन होण्यासारखं नव्हतं.

त्या बागेतल्या हिवाळी सकाळी त्यांनी किती पाहिल्या होत्या! दुरुस्तीला गेलं की मुक्काम ठरलेला. ट्रॅक्टरचं रेडिएटर गळकं, रात्रभरात रिकामं व्हायचंच, म्हणून मधुसूदनराव संध्याकाळी त्यातलं पाणी सोडून द्यायचे. पहाटे गारठ्यात इंजिन काही केल्या उठायचं नाही. मग दमयंतीबाईंनी पेटवलेल्या बंबातलं पहिलं कढत पाणी जायचं ट्रॅक्टरला. "अगं, ट्रॅक्टरच्या आंघोळीचं पाणी काढलंस का?" मधुसूदनराव अंगणातून ओरडायचे. बाई बादली घेऊन यायच्या, रेडिएटरमध्ये ओतायच्या. वाफ, डिझेलचा धूर, बाईंचा ठसका, आणि मग एकदाचं इंजिन ठुप ठुप करायला लागायचं. नवऱ्याला उरलेलं कोमट पाणी. त्यावरून दोघांचं रोज भांडण व्हायचं आणि रोज दोघं हसायची.

इलियासभाईंनी महिनाभर दुसरं काम हातात घेतलं नाही. जुनं इंजिन कामातून गेलं होतं. भंगारात निघालेल्या एका छोट्या टेम्पोचं इंजिन त्यांनी मिळवलं, ते गिअरबॉक्सला जोडायला लेथवर जाड पट्टी कातून घेतली. फांद्या जळू नयेत म्हणून सायलेन्सर पोटाखालून वळवला. मागं फवाऱ्याचा पंप आणि टाकी, पुढं धुक्यासाठी दोन दिवे, थंडीत त्रास नको म्हणून हीटर प्लग आणि सेल्फ स्टार्टर. रेडिएटर नवं, आत हिरवंगार कुलंट. शेवटी लाल रंगही मारला. त्यांची मुलगी रुक्सार डबा घेऊन आली ती बघतच राहिली. "अब्बा, किसकी शादी है?"

टेम्पोत घालून ट्रॅक्टर पाचोडला पोचला. शंतनूही रजा काढून आला होता. सकाळी चांगलंच गारठलं होतं, घरामागून बंबाचा धूर येत होता. इलियासभाईंना कुठला धीर निघतोय! त्यांनी सीटवर बसून चावी फिरवली आणि पहिल्या झटक्यात इंजिन सुरू झालं. बद्रीनाथनं टाळीच वाजवली. "लई भारी चाचा! व्हय, नवरदेवावानी दिसू लागला!"

तेवढ्यात दमयंतीबाई घराला वळसा घालून आल्या. हातात वाफाळती बादली होती.

"चालू पण झाला?" त्यांनी विचारलं.

"एका चावीत, भाभी!" इलियासभाई छाती फुगवून म्हणाले. "आता गरम पाणी नको, आग नको, काही नको. तुम्ही आपलं आरामात झोपा."

"छान झालं," बाई म्हणाल्या. त्यांनी बादली चाकाशेजारी ठेवली आणि आत गेल्या.

पोह्यांच्या बशा पुढं ठेवताना त्या शंतनूला म्हणाल्या, "तू म्हणतोस तेच बरं. विकून टाकू बाग. मी येते शहरात."

शंतनू गडबडला. "आई, आता तर ट्रॅक्टर झालाय."

"झालाय ना. बद्री चालवेल, मोटर पाणी देईल. माझ्यावाचून काय अडतंय इथं?"

इलियासभाईंना आधी संताप आला. महिनाभर राबलो ते काय जमीन विकताना लाल रंग दिसावा म्हणून? ते तरातरा अंगणात आले. समोर बादली तशीच होती. पाण्यावरची वाफ केव्हाच गेली होती.

ते बादलीकडे बघत उभे राहिले आणि त्यांना अम्मी आठवली. रिक्षापुढं गूळ घेऊन उभी राहिलेली. हसण्याची गोष्ट म्हणून त्यांनी ती शंभर वेळा सांगितली होती. पण त्यानंतर अम्मी सकाळी दाराशी यायचीच बंद झाली, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. कारण ते त्यांच्या लक्षातच आता आलं होतं. अब्बा रिक्षा काढून निघून जायचे आणि ती आत चुलीपाशी बसून असायची. त्यांचे डोळे भरून आले. आपणही भाभींना आज हेच केलं, वर आरामात झोपा म्हणून सांगितलं.

"पंपाचं थोडं काम राहिलंय," असं सांगून त्यांनी मुक्काम वाढवला. दिवस मावळल्यावर ट्रॅक्टरखाली शिरून रेडिएटरची तोटी उघडली आणि हिरवं कुलंट थेंबाथेंबापर्यंत डब्यात काढून घेतलं.

बद्रीनाथ डोळे फाडून बघत होता. "चाचा, हे काय करू लागले? तुम्हीच तर म्हनता का कुलंटबिगर..."

"तू गप बस. उद्यापासून रोज संध्याकाळी ही तोटी तूच उघडायची."

दुसऱ्या दिवशी उजाडताना ते ट्रॅक्टरवर बसले, पण चावीला हात लावला नाही. घसा खाकरला आणि सगळी लाज गुंडाळून ओरडले, "भाभी! ट्रॅक्टरच्या आंघोळीचं पाणी काढलं का?"

घरात काहीच हललं नाही. इलियासभाईंना वाटलं, चुकलंच आपलं, हे बोलायचा हक्क आपला नव्हता. मग मागून बंबाची तोटी सुटल्याचा आणि बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला.

दमयंतीबाई बादली घेऊन पुढं आल्या. "आता कशाला पाणी? एका चावीत होतो ना?"

"होतो. पण रेडिएटर रिकामं आहे. असाच चालवला तर जळून जाईल."

"नवीन रेडिएटर एका रात्रीत गळलं?"

"नाय भाभी. मी काढलं."

न कळण्याइतक्या बाई भोळ्या नव्हत्या. "आणि क्षार बसतो त्याचं काय? साध्या पाण्यावरून अख्ख्या शहराला शिव्या देता तुम्ही."

"शहराला देतो. ह्या ट्रॅक्टरला कधी दिल्या का? बसू द्या क्षार. मी आहे की साफ करायला."

बाईंनी पदरानं धरून झाकण उघडलं आणि पाणी ओतलं. वाफ दोघांच्या तोंडावर आली. ठसका लागला, तो आवरता आवरता त्या हसू लागल्या, आणि हसता हसता रडल्या. इलियासभाईंनी मान दुसरीकडे वळवून चावी फिरवली.

आवाज ऐकून शंतनू खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आला. "आई, आंघोळीचं पाणी?"

"थांब जरा," दमयंतीबाई रिकामी बादली उचलत म्हणाल्या. "दुसरं पाणी तुझं. आणि संक्रांतीनंतर बागेला पाणी सोडायचंय, तेव्हा रजा काढून ये."