नववी पिशवी

दुपारी अडीच ते साडेतीन कराडात कुणी कपडे शिवायला टाकत नाही. मी शटर अर्धं खाली ओढतो, कटिंगच्या टेबलावर हात ठेवतो, हातावर डोकं ठेवतो. झोप नाही म्हणायची तिला. रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत असतात, वर पंखा कुरकुरत असतो, आणि तरी माणूस कशातनं तरी हळूहळू उसवत जातो.

आज मात्र ते होईना. प्राचीच्या कॉलेजची फी पाचच्या आत भरायचीय. प्राची माझी एकुलती एक मुलगी, साताऱ्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नऊ हजार रुपये. नाही भरले तर परीक्षेला बसू देणार नाहीत, वर्ष वाया. आणि मजा बघा, नऊ हजार चारशे रुपये माझ्यापासून चार पावलांवर आहेत. कपाटाच्या दाराला आतनं खिळे मारलेत, त्यातल्या शेवटच्या खिळ्याला टांगलेत. आठ महिने झाले, मी त्यांना हात लावत नाही.

नीट सांगतो. आठ महिन्यांपूर्वी माझी बायको गेली. शैला. दोन वर्षं किडनीचं दुखणं काढलं तिनं. घरातला सगळा खर्च तिच्या हातात होता, मला एक अक्षर ठाऊक नव्हतं. शिंप्याची कमाई कशी, लग्नसराईत मान वर करायला फुरसत नाही आणि आषाढात बसून माश्या मारायच्या. खर्च मात्र बाराही महिने ठरल्या वेळी दारात. दर वर्षी मी कपाळाला हात लावायचो, "आयला, ही फी आता कुठनं उपटली?" ती पिकोच्या मशीनवरून मान न उचलता म्हणायची, "का? जून काय पहिल्यांदाच आला?"

तिनं माझ्या कातरणातनं नऊ पिशव्या शिवल्या होत्या. दर शनिवारी प्रत्येकीत थोडे थोडे टाकायची. नाव कशावरच नाही, कापडावरनंच ओळखायचं. खाकी म्हणजे शाळा-कॉलेजची फी. चौकडीची लाइट बिलाची, वकिलाच्या कोटाची काळी विम्याच्या हप्त्याची. जाड्याभरड्या कापडाची वर्षाच्या गव्हाची आणि डाळीची, जरीकाठाची दिवाळीची, गुलाबी माझ्या बहिणीच्या साडीची. गॅस, घरपट्टी, सगळ्याला एकेक. आणि नियम कडक, एका पिशवीतनं दुसरीत एक रुपया जाणार नाही. मी कधी मागितले की म्हणायची, "ते गव्हाचे आहेत." संपलं.

ती गेल्यावर आठ पिशव्या आठ महिन्यांत रिकाम्या झाल्या. मी काढत गेलो. टाकायचंही असतं हे ध्यानातच आलं नाही, एवढा मी हुशार.

नववी साध्या पांढऱ्या अस्तराची. अस्तरावरनं काय ओळखणार? आत पैसे होते, आणि ते गुंडाळले होते डॉक्टरच्या चिठ्ठीत. गोळ्यांची चिठ्ठी, वर तिचं नाव. म्हणजे काय ते तुम्हाला कळलं असेल. मलाही कळलं. बाईनं गोळ्या न घेता पैसे साठवले, आणि मी शेजारी बसून शर्टाच्या कॉलरी लावत होतो. त्या पैशांना मी कसा हात लावू?

पंख्याची कुरकुर थांबते. लाइट गेली असणार. पण मशीन चालूच आहे. पिकोचं.

"मान अवघडेल तशी," ती म्हणते.

शैला मशीनवर बसली आहे. अंगावर मोरपंखी साडी, फॉल अर्धाच लावलेला. मला आश्चर्य वाटत नाही. राग येतो.

"आठ महिने कुठं होतीस?"

"कामं थोडी होती का," ती म्हणते. "गिऱ्हाईक आलंय बघा. बसवून ठेवू नका."

बाकावर खरंच माणसं बसलीत. आमचा बाक तिघांचा, त्यावर आठ जण आरामात मावलेत. एक खाकी हाफपँट घालून गुडघे हलवत बसलाय. एक चौकडीच्या शर्टातला सारखं घड्याळ बघतोय. काळ्या कोटवाला फाइल उघडून बसलाय. जरीकाठवाली पदर सावरते, तिच्या हाताला रांगोळी लागली आहे. मी ओळखतो सगळ्यांना. जन्मभर दारात बघितलेलेच चेहरे.

"एकदम कसे आले हे?"

"एकदम?" शैला हसते. "अहो, एकेकाची तारीख ठरलेली आहे. हा जूनला येतो, ही ऑक्टोबरला, तो दर महिन्याच्या सात तारखेला. तुम्हीच दर वेळी दचकता."

"माझ्याकडं काही नाही द्यायला."

"बघितलं मी. काढलंत तेवढं, टाकलं नाहीत. दिवसाला सहा चहा पिता, त्यातला एक जरी सोडला असता ना..."

"गिऱ्हाईक आलं की चहा सांगावा लागतो."

"गिऱ्हाईक दोन, चहा सहा." तिचा हिशोब कधी चुकला नाही. आत्ताही नाही.

बाक लांब होत गेलाय. भिंत कुठं संपली कळत नाही, बाकाच्या पायऱ्या झाल्यात, पायऱ्या कृष्णेच्या पाण्यात उतरल्यात. आम्ही दोघं वरच्या पायरीवर बसलोय. ती मांडीवर साडी घेऊन हातशिलाई करते. आमच्यापासून खाली, पाण्याला पाय लावून, एक नववा माणूस बसलाय. त्याच्या अंगावर नुसतं पांढरं अस्तर, कच्चे टाके घातलेलं, एक बाही अजून लागायचीय. तोंड दिसत नाही.

"तो कोण?"

"तो होय? धोंडा."

"कोण?"

"अहो, धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी अधिक महिना येतो की नाही? जावयाला जेवायला बोलवायचं, अनारसे करायचे, कपडे करायचे, चांदीचं निरांजन द्यायचं. एकदम कुठनं आणणार तुम्ही? म्हणून टाकत गेले."

"जावई कुठंय आपल्याला?"

"येईल की. म्हणून तर अस्तराची शिवली. वरचं कापड त्याचं त्याला बघून तुम्ही निवडाल म्हटलं."

मला हसू येतं. आठ महिने ज्या पिशवीला मी घाबरलो, ती जावयाची.

"मग त्यात गोळ्यांची चिठ्ठी कशी?"

"हाताला तोच कागद लागला. त्या दिवसांत दुसरा कागद होता का घरात? जिकडं बघावं तिकडं चिठ्ठ्याच."

स्वप्नातलं माणूस आपल्याला हवं तेच बोलतं, एवढं मला कळतं. म्हणून मी विचारतो. विचारायचं नसतं तरी विचारतो.

"गोळ्या घेतल्यास ना सगळ्या?"

ती दातानं दोरा तोडते.

"ती पांढरी मोठी होती ना. ती काही दिवस अर्धी करून घेतली."

"का?"

"घशात अडकायची."

"शैला."

"अहो, आषाढ होता," ती म्हणते.

मी उठून उभा राहतो. पायऱ्या नाहीत आता, दवाखान्याचा बोळ आहे, तोच, हिरवी भिंत, फिनेलचा वास. बाकावर ती, मांडीवर पिशवी, आम्ही नंबरची वाट बघतोय. मी ओरडतोय आणि बाकी कुणी मान वळवत नाही.

"आषाढ होता, आणि पिशवीत जावयाचे पैसे पडून होते! न जन्मलेल्या जावयाचे!"

"जन्मला असेल हो. पंचवीसेक वर्षांचा असेल आत्ता कुठंतरी."

"चेष्टा करू नकोस!"

"ते त्याचे होते," ती हळू म्हणते. "त्यातनं कसे काढायचे? मीच नियम केलेला."

"नियम गेला खड्ड्यात. मला सांगायचं होतंस."

"तुम्ही काय केलं असतं?"

"मशीन विकलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

मी तिच्या शेजारी बसतो. रडतोय हे मला उशिरा कळतं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवते, जसा कापडावरची सुरकुती काढताना फिरवायची तसा.

"चुकलं माझं," ती म्हणते. जिवंतपणी हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. "सगळ्याची पिशवी केली. दुखण्याची केली नाही."

"का नाही केलीस? एवढी तू शहाणी."

"भीती वाटली. पिशवी शिवली की त्याला बोलावल्यासारखं होईल. येऊन बसेल बाकावर. सासूबाई सांगायच्या, घरात औषधाला म्हणून पैसे बाजूला काढू नयेत."

बोळाच्या टोकाला कुणीतरी उभं आहे. बाकावर जागा आहे तरी बसत नाही. कपडे नाहीत म्हणवत नाही, पण कशाचे आहेत तेही दिसत नाही. मी त्याच्याकडं बघत नाही.

"आता ऐका," शैला म्हणते. "मी पैसे जपले आणि गोळी अर्धी केली. तुम्ही तेच करताय. पैसे टांगून ठेवायचे आणि पोरीला घरी बसवायचं. माझ्या नावानं होय? मला नाही आवडणार."

"ते तुझे आहेत असं वाटत होतं."

"जावयाचे आहेत. आणि जावई काय म्हणेल, निरांजन नको पण बायकोला शिकवायची होती. भरा फी."

"आणि धोंडा?"

"तीन वर्षं आहेत. शनिवारी टाकायला लागा."

मग ती माझ्यावर वाकते. हातात ब्लेड आहे, शिलाई उसवायचं.

"हलू नका, लागेल."

"काय करतेस?"

"शर्टाचा खिसा काढते. कापड पाहिजे."

"कपाटात ढीग पडलाय कापडाचा."

"ते गिऱ्हाइकांचं. हे दुखणं घरातलं आहे, त्याला घरातलं कापड."

ती काय शिवणार ते मला कळतं आणि मी तिचा हात धरतो. हात गार नाही. पिकोच्या मशीनवर बसून उठल्यावर असायचा तेवढाच कोमट आहे.

"नको शैला. शिवलीस की ते येईल. मला आता एक प्राचीच राहिलीय."

ती थांबते. माझ्याकडं बघते, ज्या नजरेनं दर जूनला बघायची त्या नजरेनं.

"मी नव्हती शिवली," ती म्हणते. "तरी आलंच की हो."

टाका टाका उसवत जातो. आवाज येतो त्याचा, बारीक.

पंखा सुरू होतो. लाइट आली. टेबलावर डोकं आहे, गालाखाली टेप, मान अवघडलेली. घड्याळात साडेचार. मी उठून बसतो, घाम पुसायला छातीवर हात नेतो आणि हात तिथंच राहतो. खिसा नाही.

शर्ट सहा वर्षांचा, धुऊन धुऊन विटलेला, मूळचा निळा आता राखाडी झालाय. छातीवर मात्र खिशाएवढा चौकोन निळा आहे, नव्या कापडासारखा, कडेनं टाक्यांची बारीक भोकं. खिसा टेबलावर पडलाय. कापडाचा एक धागा तुटलेला नाही, इतका सफाईदार उसवलेला. मी झोपेत उसवला म्हणाल तर म्हणा. पण तीस वर्षांत मला एवढी सफाई कधी जमली नाही, ते काम तिचं होतं. ब्लेड ड्रॉवरमध्ये कागदात गुंडाळलेलंच आहे.

मी कपाट उघडतो, अस्तराची पिशवी खिळ्यावरून काढतो. चिठ्ठी सोडवतो, पैसे घेतो. शेजारचा मोबाईलवाला रोख घेऊन फोनवरनं पैसे पाठवून देतो, त्याला तीस रुपये द्यावे लागतात. तो नऊ हजार मोजतो, कॉलेजच्या खात्यावर टाकतो, मग माझ्या छातीकडं बघतो.

"काका, खिसा कुठं गेला?"

"बायकोनं उसवला," मी म्हणतो.

तो हसतो. मग त्याच्या ध्यानात येतं, आठ महिन्यांपूर्वी खांदा द्यायला तोही होता. पावती माझ्या हातात देतो.

चार पन्नासला प्राचीचा फोन येतो. "पप्पा, जमा झाली." तिचा आवाज हलका झालाय, सुट्टीच्या दिवशी असतो तसा. मी विचारतो, "अंगाला बरं आहे ना तुला? काही दुखतंखुपतं?" ती म्हणते, "मला काय होतंय? असं का विचारता?" मी म्हणतो, "सहज."

फोन ठेवून मी दुकानात येतो. खिशाला मागून त्याच कापडाची पट्टी लावतो, शर्टाच्या शेपटातनं कापलेली. तीन बाजू शिवतो, तोंड मोकळं ठेवतो, वर बंद लावतो. उरलेले तीनशे सत्तर रुपये आत घालतो. कपाटाच्या दारात दहावा खिळा नव्हता, तो ठोकतो. एकदा हातोडी बोटावर बसते.

पिशवी टांगतो. खोटं सांगत नाही, मी वळून बाकाकडं बघतोसुद्धा. बाक रिकामा आहे. आज शनिवार नाही, तरी मी चहाचे दहा रुपये तीत टाकतो आणि दार लावतो.