शितलच्या नावची सुई

"ज्याच्या नाकातली काडी पुण्याला जाते, त्याच्या नावची सुई पुढच्या साली बराबर येते," असं मी कळमनुरीजवळच्या तांड्यावर बोलून बसलो. कारण एवढंच, की फ्लूच्या तपासणीची काडी नाकात घालून घ्यायला कुणी नाक पुढं करत नव्हतं. नर्सबाईंनी डोळे वटारले. पण माझं तोंड सुटलं की आवरत नाही.

साल २००६. मी कळमनुरीचाच, पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत कॉम्प्युटरवर बसणारा; नमुने गोळा करायला नर्सबाईंबरोबर आलेलो. फ्लूचा विषाणू सारखा रूप बदलतो आणि लस बनवायला कितीतरी महिने जातात. म्हणून पुढच्या साली कोणता विषाणू माजणार, ते आधीच ओळखावं लागतं. गावोगावचे नमुने आले की आमचा प्रोग्राम त्यांची वंशावळ झाडासारखी काढतो आणि कोणती फांदी वाढतेय ते बघतो.

हे तांड्यावरच्या म्हाताऱ्या किसनसिंगकाकांना लगेच कळलं, कारण त्यांचा धंदाच तो. त्यांचे वाडवडील बैलांवर मीठ लादून मुलूखभर हिंडायचे. ते हिंडणं संपलं, नजर उरली. मी शाळेत होतो तेव्हा आठवडी बाजारात शेतकरी काकांना हाताला धरून न्यायचे. गोऱ्ह्याचं कपाळ, खूर, आई कोणती, बाप कोणता, एवढं बघून तो पुढं नांगराला कसा चालेल ते काका सांगायचे. आमच्या वडिलांची जोडी त्यांनीच निवडलेली. बदल्यात चहा आणि चिमूटभर तंबाखू. अंदाज चुकला की शेतकरी भर बाजारात शिव्या घालायचा, आणि काका मान खाली घालून ऐकून घ्यायचे.

"म्हंजे तुझं मशीन बी गोऱ्हेच पारखून राहिलं की!" काका म्हणाले. "चुकतं का?"

"चुकतं की."

"मग शिव्या कोण खातं?"

"कुणीच न्हाई काका. लोकं खोकत असतात, शिव्या द्यायला दम कुठला?"

काका खदखदून हसले आणि त्यातच खोकला लागला. हसणं थांबलं, खोकला काही थांबेना.

माझ्या बोलण्यावर एव्हाना बरीच नाकं पुढं आली होती आणि नर्सबाईंकडं एकच काडी उरली होती. "काका, तुमीच बसा. ताप हाय का?"

"कशाचा ताप? उन्हात बसलो व्हतो." काकांनी नातीला, शेंबड्या शितलला पुढं ओढलं. "हिची घ्या. सुई हिच्या नावची येऊ द्या."

"रातभर कण्हून राहिले व्हते, बाई," पारुबाईकाकी दारातून म्हणाल्या.

"ही झोपेत काहीबी ऐकते!" काका म्हणाले. सगळे हसले. मीही.

शितलची काडी पुण्यात तपासली. साधी सर्दी निघाली, फ्लू नव्हताच. काकांना पुढच्याच आठवड्यात दम लागला आणि नांदेडच्या वाटेवर जीपमध्येच ते गेले. त्यांना फ्लू होता का? काडीच घेतली नाही, तर कोण सांगणार? शेजारच्या तांड्यावरच्या नमुन्यांत मात्र निघाला. त्यांचे ठिपके आमच्या झाडावर आहेत. काकांचा नाही.

त्या खेपेला लसीचा अंदाज बरोबर आला. आम्ही पेढे खाल्ले. लस पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यांत ज्याला परवडेल त्याला मिळाली. तांड्यावर ती येणारच नव्हती, नाक कुणाचंही असो.

वर्षानं मी तांड्यावर गेलो. काकींनी चहा दिला. रडल्या नाहीत. शितलला हाक मारली तर ती आली तीच फ्रॉकची बाही वर करून. दंड काडीसारखा बारीक.

"आली का रे हिची सुई?" काकींनी विचारलं. "तिच्यासाठीच मागं सरले ते."

खरं सांगायला तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच. "येऊन राहिली, काकी."

शितलनं बाही खाली केली.

आता दरसाल नवी लस निघाली की वाटतं, एक विकत घ्यावी, बर्फात घालून न्यावी. थर्मास आणून ठेवलाय. कळमनुरीचं तिकीट तेवढं काढायचं राहून जातं.