पेटीवरचं नाव

आज टपालवाल्या बाईनं पेटीवरच्या माझ्या नावावर बोट ठेवलं आणि कर कचेरीचं पाकीट आत सोडलं. मी जिन्यातच नाचलो! रिफंड तर आहेच, पण या कागदावाचून माझा इथं राहण्याचा परवाना वाढत नव्हता.

चार वर्षं मी जर्मनीत वेल्डिंग करतोय. एका खोलीत राहणाऱ्या आम्हा कामगारांत दामूअण्णा थोरले, म्हणून पेटीवर नाव फक्त त्यांचं. आम्हाला तीच रीत वाटली. इथं मात्र पेटीवर ज्याचं नाव नाही, त्याचं पत्र परत जातं. आमचे कराचे कागद भरणाऱ्या एजंटाला हे ठाऊक होतं. तरी म्हणायचा, "रिफंड अडकलाय. सोडवतो, पण चौथा हिस्सा माझा." मी दहावा म्हटलं, मग भांडलो, मग स्वतःच कचेरीत गेलो. तिथं माझी परत आलेली पत्रं पाहिली. तो राग अजून उतरलेला नाही.

आमच्या गावात दारावरची पाटी बाप गेल्यावरच बदलते. त्यामुळे इथं दामूअण्णांच्या नावाखाली माझं नाव चिकटवताना मला चोरट्यासारखं वाटलं होतं. आत्ता व्हिडिओ कॉलवर बाबांना ते नाव दाखवलं. डोळे बारीक करून ते म्हणाले, "अरे, अक्षर केवढंसं काढलंयस! मोठं काढ की."